रनिंग करताना घड्याळाचं किती ऐकायचं?

मंदगती

इथे पळणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. माझ्याकडे जीपीएसचं घड्याळ आहे, फोनवर अ‍ॅप आहे, हौसेने घेतलेला, हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टाही आहे. पळायला सुरुवात केली की दर मिनिटा-दोन मिनिटांनी मनगट आपोआप वर येतं. पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं-सेकंद, ६:४० दिसला की जीव खट्टू होतो, ६:१० दिसला की उगाच कॉलर ताठ. रस्ता चढाचा आहे, ऊन आहे, रात्री झोप झालेली नाही, यातलं त्या आकड्याला काही ठाऊक नसतं आणि त्या क्षणी मलाही आठवत नाही. घरी कोणी "आज कसं झालं?" विचारलं तर मी आधी अ‍ॅप उघडते, मग उत्तर देते. हे आता खटकायला लागलंय.

घड्याळ फेकून द्या छापाचे सल्ले कृपया नकोत, तसे व्हिडिओ पैशाला पासरी मिळतात. मला आकडे हवे आहेत, फक्त आधी नकोत. आधी मी अंदाज बांधणार, मग आकडा बघणार. म्हणून हल्ली स्क्रीनवर फक्त किती वाजले तेवढं ठेवलंय. अंतर, पेस, ठोके सगळं मागे नोंदवलं जातं, पण दिसत नाही. पळून झाल्यावर बघण्याआधी तीन गोष्टी मनाशी पक्क्या करते: अंतर किती झालं असेल, सरासरी पेस काय असेल आणि दहापैकी किती जोर लागला.

अंतराचा अंदाज बऱ्यापैकी बसतो. पेसचा चुकतो, आणि गंमत म्हणजे ठरावीक बाजूलाच चुकतो. गार हवेत मी स्वतःला आहे त्यापेक्षा हळू समजते, उकाड्यात वेगवान.

कोणी असं काही करून बघितलंय का? ज्यांनी वर्षानुवर्षं आकड्यांवर ट्रेनिंग केलंय त्यांचं मत जास्त ऐकायचंय.

शंकेखोर

"पूर्वीचे लोक शरीराचं ऐकायचे" या वळणावर धागा जाणार हे दिसतंय, म्हणून आधीच काडी टाकतो. फिनलंडचा पावो नुर्मी १९२० च्या दशकात हातात स्टॉपवॉच धरून पळायचा. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १५०० आणि ५००० मीटरची सुवर्णपदकं त्याने एकाच दिवशी घेतली. ऑलिंपिकमधली एकूण सुवर्णपदकं नऊ. त्या काळात याहून आधुनिक गॅजेट नव्हतंच. असतं तर त्याने तेही बांधलं असतं, पैजेवर सांगतो.

पायवाट

शंकेखोर, नुर्मीच्या घड्याळात एकच गोष्ट दिसायची, किती वेळ गेला. तो वेळ घेऊन काय करायचं हे डोकं आणि पाय ठरवायचे. शर्यत रंगात आली की शेवटी शेवटी तो ते घड्याळ गवतावर टाकून द्यायचा असंही सांगतात. आमच्या मनगटावरचं यंत्र ठोके सांगतं, पावलं मोजतं, "तुमची कामगिरी घसरतेय" असंही बजावतं, आणि वर दोन दिवस आराम करा म्हणतं. एवढं तर घरचेही बोलत नाहीत.

मी स्वतः साधं काट्याचं घड्याळ घालतो. निघताना बघतो, परतल्यावर बघतो. झालं.

लॅपबटण

मंदगती, तुमचा प्रयोग चांगला आहे, पण त्याआधी एक गोष्ट समजून घ्या: ज्या आकड्यावर तुमचा मूड ठरतोय, तो आकडा मुळात तेवढ्या विश्वासाच्या लायकीचाच नाही.

६:०० च्या पेसने तुम्ही सेकंदाला साधारण पावणेतीन मीटर जाता. उघड्या आकाशाखालीसुद्धा जीपीएसची जागा काही मीटर इकडेतिकडे असते. दोन लागोपाठच्या नोंदींत एका मीटरचा फरक पडला तरी त्या सेकंदाचा पेस साडेचारच्या आत दिसेल. असं दाखवलं तर लोक घड्याळ परत करतील, म्हणून कंपन्या मागच्या काही सेकंदांची सरासरी काढून आकडा गुळगुळीत करतात. म्हणजे तुम्हाला दिसतो तो पेस आत्ताचा नसतोच, थोडा शिळा असतो. उंच इमारतींत सिग्नल भिंतींवर आपटून येतो, दाट झाडीत कमजोर होतो, तिथे तर बोलायलाच नको. तुम्ही वेग वाढवला, घड्याळ गप्प. मग तुम्ही आणखी वाढवला, आणि आता घड्याळाला एकदम जाग आली की तुम्ही दचकून ब्रेक लावता. रस्त्यावर असे हिंदकळत जाणारे रनर शोधायला लागत नाहीत.

शर्यतीत याची किंमत मोजावी लागते. प्रमाणित मॅरेथॉनचा मार्ग सायकलच्या चाकाला लावलेल्या मोजणी-यंत्राने, धावणाऱ्याला शक्य असलेल्या सर्वांत आखूड रेषेवरून मोजतात. वर अंतर कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. आपण काही ती आखूड रेषा पकडून धावत नाही. गर्दीतून वाट काढतो, वळणं बाहेरून घेतो, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो. त्यात जीपीएसची वाकडी रेघ. मग घड्याळात ४२.१९५ किलोमीटरच्या जागी ४२.६ येतात आणि लोक आयोजकांच्या नावाने बोटं मोडतात.

हिशोब करून बघा. चार तासांत संपवायचं तर खरा पेस ५:४१ हवा. घड्याळ ४२.६ मोजणार असेल आणि तुम्ही त्यावरच्या ५:४१ ला चिकटून राहिलात, तर चार तास दोन मिनिटांच्याही पुढे जाता. घड्याळ मात्र शेवटपर्यंत म्हणत असतं की सगळं वेळेवर चाललंय.

माझं मत: चालू पेसचा रकाना सगळ्यात आधी उडवा. लॅपचा, म्हणजे एका टप्प्याचा, सरासरी पेस ठेवलात तर चालेल.

साखळी

लॅपबटण, जबरी प्रतिसाद. ४२.६ चं गणित पहिल्यांदाच कळलं.

माझं दुखणं पेस नाही, गोल आकडा आहे. आमच्या गटातला एक गडी गेटपाशी येऊन ४.९३ बघतो आणि मग पार्किंगमध्ये येरझारा घालतो. वॉचमनने सुरुवातीला काही हरवलंय का म्हणून विचारलं, आता फक्त मान हलवतो. पाच झाले की घड्याळ थरथरतं आणि हा गडी त्याच पावलावर थांबतो, कुठेही असो, दोन गाड्यांच्या मधे असो. हसतो आम्ही त्याला, पण गटातल्या प्रत्येकाने कधी ना कधी हे केलंय.

अवांतर: रोज दहा हजार पावलं हा आकडाही प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एक पेडोमीटर बाजारात आला, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. जाहिरात खपली आणि जगभर आरोग्याचा नियम होऊन बसली.

नवशिका

हे सगळं ज्यांना पळता येतं त्यांच्यासाठी ठीक आहे हो. मी नुकतीच सुरुवात केलीय. "हळू पळा, हळू पळा" सगळे सांगतात, पण हळू म्हणजे किती तेच कळत नाही. घड्याळ सुरुवातीलाच झोन ५ (ठोक्यांच्या पाच पायऱ्यांतली सगळ्यात वरची) दाखवतं, लाल होतं, आणि मी घाबरून चालायला लागतो. घड्याळ नसेल तर मला कळणार कसं की मी मरायला टेकलोय की नाही?

ठोका

नवशिका, दमाने घ्या. 🙂 तुमच्या प्रश्नात दोन वेगळे घोळ आहेत.

पहिला घोळ सेन्सरचा. मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश कातडीवर टाकतं आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश किती बदलतो त्यावरून ठोके ओळखतं. हात हलायला लागला की पावलांच्या तालाचाही तसाच हेलकावा तयार होतो, आणि घड्याळ कधीकधी ठोके सोडून पावलं मोजायला लागतं. पळणाऱ्याची पावलं मिनिटाला १६०-१८० च्या घरात असतात. त्यामुळे पहिल्याच मिनिटाला १६८ दिसतंय, आकडा तिथेच चिकटून बसलाय आणि तुम्ही मजेत गप्पा मारू शकताय, तर ती बहुतेक तुमची पावलं आहेत. पट्टा सैल असेल, हात गार पडले असतील, मनगटावर गडद टॅटू असेल, तर घोळ आणखी वाढतो. छातीच्या पट्ट्याला हा त्रास बराच कमी, कारण तो हृदयाचा विद्युत संकेत टिपतो. पडताळणी सोपी आहे: थांबा, लगेच मनगटावर किंवा मानेपाशी बोटं ठेवा, १५ सेकंद मोजा, चारने गुणा.

दुसरा घोळ झोनचा. तुम्ही काही बदललं नसेल तर बहुतेक घड्याळं कमाल ठोके २२० वजा वय असे धरतात. हे सूत्र १९७१ च्या एका आढावा-लेखातून आलं. त्यासाठी मुद्दाम केलेला अभ्यास नव्हता, हाताशी असलेल्या आकड्यांवर डोळ्याने ओढलेली ती एक रेघ होती. मोठ्या गटाच्या सरासरीला ती जवळपास जुळते, पण एकेकट्या माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सर्रास असतो, क्वचित त्याहून जास्त. चाळिशीच्या माणसाला घड्याळ १८० धरणार, त्याचा खरा आकडा १९२ असला तर सगळे झोन खालीच सरकले. बिचारा साधा जॉग करत असतो आणि स्क्रीन लालभडक.

त्यापेक्षा बोलून बघा. तेराचा पाढा मोठ्याने म्हणा. तीन-चार ओळी एका श्वासात गेल्या तर वेग हळू आहे. दर ओळीला श्वास घ्यावा लागला तर मध्यम. "तेरा चोक" पर्यंत पोचलात आणि पुढचं तोंडातच राहिलं, तर कमी करा. (पाढा येत नसल्यामुळे अडखळलात तर तो दोष फुप्फुसांचा नाही.)

हा पोरखेळ नाही बरं का. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी "किती जोर लागतोय" हे माणसाने स्वतः सांगायची ६ ते २० अशी मोजपट्टी बनवली, ती आजही हृदयरुग्णांच्या व्यायामात वापरतात. सहापासून सुरुवात विचित्र वाटते, पण त्या आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुण माणसाचे साधारण ठोके येतात, ६० ते २००. म्हणजे सांगितलेला जोर आणि मोजलेले ठोके बऱ्यापैकी जोडीने चालतात, हे गृहीत धरूनच ती रचलीय.

एकटीच

चर्चा छान चाललीय, पण एक बाजू सुटतेय. मी पहाटे अंधारात एकटी पळते. माझं लाइव्ह लोकेशन घरी दिसत असतं आणि फोन कमरेच्या पट्ट्यात असतोच. हे मी कमी करणार नाही, आणि कोणी "निसर्गाशी एकरूप व्हा" म्हणून सांगायला आलंच तर त्यांनी आधी पहाटे पाच वाजता त्या रस्त्यावरून एकटं, बाईच्या पोशाखात पळून दाखवावं.

उलट जे कमी करायला हवं त्याबद्दल कोणी बोलत नाही: रोजचा नकाशा साऱ्या जगाला दाखवणं. स्ट्राव्हा या धावा नोंदवायच्या अ‍ॅपने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सगळ्यांच्या धावांचा मिळून उष्णता-नकाशा टाकला. पुढच्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं की ओसाड वाळवंटात चमकणाऱ्या रेघा म्हणजे लष्करी तळांभोवती पळणारे सैनिक आहेत. सैन्याचं असं होतं, तर रोज त्याच वेळी त्याच दारातून निघणाऱ्या माणसाचं काय. घराभोवतीचा भाग लपवायची सोय सेटिंगमध्ये असते, ती चालू करा. आणि पोस्ट करायचंच असेल तर पळताना नको, घरी परत आल्यावर.

पायवाट

एकटीच, शंभर टक्के मान्य. फोन पट्ट्यात असणं वेगळं आणि हातात असणं वेगळं. "काहीही नेऊ नका" म्हणणाऱ्यांत मीही होतोच, त्यात ही दुरुस्ती.

कानातले इअरफोन मात्र काढा असं म्हणेन, निदान कधीतरी. पावलांचा आवाज खूप सांगतो. ताजेतवाने असताना तो हलका आणि एकसारखा असतो. दमलात की एक पाय दुसऱ्यापेक्षा जोरात आपटायला लागतो, चप्पल फरफटल्यासारखा घासतो. हे कुठलंही अ‍ॅप सांगण्याआधी कानाला कळतं. आणि मागून येणारी सायकलही.

शंकेखोर

माझा आक्षेप अजून उभा आहे. "शरीराचं ऐका" म्हणणाऱ्यांचं शरीर खोटं बोलतं. बहुतेक हौशी रनर सोपा दिवस जोरात पळतात आणि जोराच्या दिवशी पाय उचलत नाहीत. गटात पळताना तर विचारूच नका, शेजारचा जरा पुढे गेला की शरीर म्हणतं "छान वाटतंय, चल". तिथे घड्याळच लगाम घालतं. मला तर घातलाच आहे.

मंदगती

शंकेखोर, हे पटलं. म्हणून मी एक बदल केलाय: सोप्या दिवशी फक्त वरच्या मर्यादेचा गजर लावते. ठोके त्यापुढे गेले तरच घड्याळ थरथरतं, एरवी मूग गिळून बसतं. खालची मर्यादा ठेवलीच नाही. हळू पळतेय म्हणून मला कोणी हाकलायची गरज नाही, तो त्रास मी स्वतःच स्वतःला पुरेसा देते.

ठोका, एक विचारायचंय. ते व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा) आणि "ट्रेनिंग अनुत्पादक" वगैरे किती मनावर घ्यायचं? उकाडा सुरू झाला की माझा आकडा दर वेळी खाली येतो. बरं, पळणं तेवढंच असतं.

ठोका

बिलकुल मनावर घेऊ नका. खरं व्हीओटू मॅक्स प्रयोगशाळेत तोंडाला मास्क लावून, श्वासातला वायू मोजून काढतात. घड्याळ मुख्यतः एवढंच बघतं की अमुक वेगाला तुमचे ठोके किती. गरमीत शरीर थंड ठेवायला बरंच रक्त कातडीकडे जातं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त घटतं, आणि तेवढंच काम उरकायला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. लांबच्या पळण्यात वेग तोच ठेवला तरी ठोके हळूहळू चढत जातात, तेही बहुतांशी याच कारणाने. काही घड्याळं तापमानाचा हिशोब धरायचा प्रयत्न करतात, पण बऱ्याचदा उन्हाळ्याचा दोष तुमच्या फिटनेसच्या खात्यावर जातो. तुमचा पेसचा अंदाज उकाड्यात "वेगवान" कडे चुकतो, त्याचं उत्तरही इथेच आहे. जोर खरोखरच जास्त लागत असतो. पेस चुकलात, पण जोर बरोबर ओळखलात.

एक मात्र गंभीरपणे. ज्यांना डॉक्टरांनी ठोक्यांची मर्यादा घालून दिलीय, हृदयाचा इतिहास आहे, नुकतं मोठं आजारपण झालंय, त्यांनी या धाग्यावरून सेन्सर काढू नये. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके औषधामुळेच कमी राहतात, त्यांना नेहमीचे झोन लागूच होत नाहीत. आणि छातीत दडपण, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप असं काही झालं तर घड्याळात सगळं हिरवं असलं तरी थांबायचं आणि दाखवून घ्यायचं.

लॅपबटण

अंदाज सुधारायचा असेल तर नुसतं न बघणं पुरत नाही, लगेच पडताळा मिळायला हवा. मी शिकाऊ लोकांना ट्रॅकवर हे करायला लावतो. घड्याळाच्या काचेवर कागदी चिकटपट्टी, बटणं मोकळी. ४०० मीटरच्या आठ फेऱ्या, सगळ्या एकाच वेळेत आणायच्या, दर फेरीला लॅप दाबायचं. मधे विचारलं तर प्रत्येक जण "एकदम सारख्या चालल्यात" म्हणतो. पट्टी काढली की पहिली फेरी दहा-बारा सेकंद वेगवान, पाचवी-सहावी ढेपाळलेली आणि शेवटची पुन्हा वेगवान, कारण लोक बघत असतात. चेहरे बघण्यासारखे होतात. पण तेच लोक थोड्या आठवड्यांत दोन-तीन सेकंदांच्या आत येतात, चिकटपट्टीसकट.

ट्रॅक नसेल तर जाऊन-येऊन करा. मनाला येईल त्या वेगाने वीस मिनिटं जा, वळा, त्याच रस्त्याने परत. परतीला वीसपेक्षा थोडी कमी मिनिटं लागली तर जाताना वेग बरोबर होता. तेवीस लागली तर जाताना हवेत होता. रस्ता सपाट हवा, वारा नसावा, एवढीच अट. याला पायवाट यांचं काट्याचं घड्याळसुद्धा चालतं.

आणि ज्यांना वेगाचा सराव हवाय पण आकडे नकोत, त्यांच्यासाठी फार्टलेक आहेच. स्वीडनच्या गोस्टा होल्मर यांनी १९३० च्या दशकात बसवलेला प्रकार. त्या झाडापर्यंत जोरात, पुढच्या वळणापर्यंत आरामात, मग चढावर पुन्हा जोरात. दिव्याचे खांब असले तर उत्तमच.

साखळी

चिकटपट्टी लावून आलो. किलोमीटरची थरथर तशीच चालू राहते आणि मन लगेच हिशोब मांडायला बसतं. ती पण बंद करावी लागते, हे कोणी सांगितलं नाही!

लॅपबटण

ऑटो लॅप बंद करा, ऑटो पॉजही. सिग्नलला थांबलं की वेळ थांबवायची सोय बरी वाटते, पण मग सरासरी सुंदर दिसते आणि मधल्या विश्रांतीची नोंदच राहत नाही.

नवशिका

पाढा म्हणून बघितला, तेरा सत्ते पर्यंत आरामात जातोय. घड्याळ तेव्हाही लाल होतं. मग मानेपाशी मोजले तर १३६ आले, घड्याळात १७०. आता एवढं सांगा, पुढे १० किमीची पहिली शर्यत आहे. तिथे घड्याळ घालू का नको?

शंकेखोर

घाला. आणि बघा. पहिल्या शर्यतीत शरीराचं ऐकाल तर शरीर पहिल्या किलोमीटरलाच सगळा खजिना लुटून बसेल.

लॅपबटण

यावेळी शंकेखोर यांच्याशी सहमत, थोड्या बदलाने. घाला, पण स्क्रीनवर फक्त एकूण वेळ ठेवा. सत्तर मिनिटांत संपवायचं ठरवलंत तर दर किलोमीटरला सात मिनिटं: पहिली पाटी ७, दुसरी १४, तिसरी २१. हे तोंडपाठ होतं, पेस बघावा लागत नाही. पहिल्या पाटीला साडेसहा दिसले तर चुकताय, लगेच हळू व्हा. पाचच्या पाटीपर्यंत पाढ्याच्या दोन ओळी एका श्वासात जायला हव्यात, त्यानंतर दम असेल तसं वाढवा. लॅप हाताने दाबा, तोही पाटीपाशीच. घड्याळाचा किलोमीटर पाटीच्या आधी येईल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. आणि शर्यतीच्या दिवशी नवीन सेटिंग करू नका, हे सगळं आदल्या आठवड्यात लावून एकदा पळून बघा.